आधी रेघ कागदावर, मग स्क्रीनवर: स्कोप लावून गाडीतले दोष शोधताना

गाडी मिसिंग करते (एखादा सिलिंडर मध्येच काम सोडतो), पण फॉल्ट कोड नाही. सेल्फ मारला की कधी चालू होते, कधी नाही. मीटर लावला तर सेन्सरला ५ व्होल्ट व्यवस्थित मिळतात आणि स्कॅनरवरचे आकडे शहाण्यासारखे वागतात. मग पार्ट बदलून बघायला सुरुवात होते: प्लग, कॉइल, सेन्सर, आणि काहीच जमलं नाही की ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर.

मीटर खोटं बोलत नाही, तो सरासरी सांगतो. साध्या डिजिटल मीटरचा आकडा सेकंदाला दोन-चार वेळा बदलतो. स्कॅनरचा लाइव्ह डेटाही थांबत थांबत येतो, आणि तो ईसीएमने आधीच चाळलेला असतो. सिग्नल २ मिलिसेकंद तुटला तर या दोघांना पत्ता लागत नाही, इंजिनला मात्र लागतो.

ऑसिलोस्कोप, म्हणजेच स्कोप, आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर व्होल्टेज दाखवतो. एवढंच त्याचं काम. दोष कुठे आहे ते तो सांगत नाही, म्हणून नवीन माणूस स्क्रीनवरच्या गवताकडे बघून हैराण होतो. त्यावर माझा एक नियम आहे. प्रोब (तारेला लावायची स्कोपची पिन) लावण्याआधी ती रेघ कशी दिसायला हवी, ते कागदावर काढायचं: किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत, किती वेळात, किती वेळा. काढता येत नसेल तर ते सर्किट अजून आपल्याला कळलेलं नाही. मग आधी वायरिंग डायग्राम उघडायचा, स्कोप नंतर.

हातात काय हवं

दोन चॅनेल हे किमान. चार असले तर क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचे सेन्सर, कॉइल आणि इंजेक्टर एकत्र बघता येतात, पण शिकायला दोन पुरतात. गाडीच्या कामाला २० मेगाहर्ट्झ बँडविड्थ भरपूर आहे. मोठ्या आकड्याला भुलण्यापेक्षा मेमरी बघा, म्हणजे एका रेकॉर्डिंगमध्ये किती बिंदू साठतात ते. समजा मेमरी फक्त १०,००० बिंदूंची आहे आणि २ सेकंदांचं रेकॉर्डिंग घेतलं. मग दर २०० मायक्रोसेकंदांना एकच बिंदू पडणार. इंजेक्टर सगळा मिळून ३ मिलिसेकंद उघडा राहतो, म्हणजे त्याची अख्खी कहाणी १५ बिंदूंत. झूम केल्यावर पायऱ्या दिसतील, बाकी काही नाही.

करंट क्लॅम्प (तारेभोवती अडकवून करंट मोजणारा चिमटा) दोन लागतात. पंप, कॉइल, इंजेक्टर यांच्यासाठी लहान, आणि सेल्फसाठी शेकडो अँपिअर झेपणारा मोठा. क्लॅम्पवर अँपिअरमागे किती मिलिव्होल्ट ते लिहिलेलं असतं (लहानावर बहुधा १०० किंवा १०, मोठ्यावर १). तोच आकडा स्कोपमध्ये भरायचा. दर वेळी तारेला लावण्यापूर्वी शून्य करायचा, आणि बाणाची दिशा बघायची. क्लॅम्प उलटा लागला की रेघ उलटी येते, आणि घाईत असताना तीच दोष समजून माणूस अर्धा तास घालवतो.

तिसरी गरज अ‍ॅटेन्युएटरची, म्हणजे व्होल्टेज कमी करून स्कोपला देणाऱ्या जोडाची. कॉइलच्या प्रायमरीवर (बॅटरीच्या बाजूच्या वेढ्यांवर) ३०० ते ४०० व्होल्टची उसळी येते. स्कोपच्या इनपुटजवळ छापलेली मर्यादा वाचा आणि त्या मानाने १०:१ किंवा २०:१ लावा. २०:१ लावल्यावर ४०० व्होल्टचे स्कोपपर्यंत २० व्होल्टच पोचतात.

जोडणी

काळा क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला. दुसरीकडे कुठेही नाही. विजेच्या प्लगवर चालणाऱ्या स्कोपमध्ये हा क्लिप थेट इमारतीच्या अर्थिंगला जोडलेला असतो आणि सगळ्या चॅनेलचे काळे क्लिप आतून एकच असतात. एक काळा निगेटिव्हवर आणि दुसरा चुकून पॉझिटिव्हवर गेला, तर बॅटरीचा शॉर्ट आपल्या प्रोबमधून होईल. लॅपटॉपवरचा स्कोप असेल तर चार्जर काढून ठेवलेला बरा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलला या लेखातलं काहीही लावू नका. त्यासाठी वेगळी प्रोब, वेगळे हातमोजे आणि वेगळं प्रशिक्षण लागतं.

लाल प्रोब कपलरच्या (तारांच्या जोडाच्या) मागून, तारेच्या सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून लावायची. कपलर काढून पुढून जाड पिन खुपसली तर आतला टर्मिनल फाकतो, आणि जुना दोष सापडायच्या आत नवा तयार होतो. इन्सुलेशनला भोक पाडावंच लागलं तर काम झाल्यावर ते बंद करा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथे हिरवी गंज बसलेली असेल. आणि तारा पंख्यापासून, पट्ट्यापासून लांब. पंखा न सांगता चालू होतो.

स्क्रीन लावण्याचं गणित

ऑटो-सेटचं बटण गाडीवर फारसं उपयोगी नाही. इंजिनचा वेग बदलत राहतो आणि बिचारं बटण गोंधळतं. त्यापेक्षा दोन ओळींचं गणित करा. फोर-स्ट्रोक इंजिनचं एक पूर्ण चक्र म्हणजे क्रँकचे दोन फेरे. ८०० आरपीएमला एक फेरा ७५ मिलिसेकंदांचा, चक्र १५० चं. पडद्यावर १० चौकटी असतील तर प्रत्येकी २० मिलिसेकंद ठेवा, एक चक्र आणि थोडं वर दिसेल. सेल्फवर इंजिन २५० आरपीएमने फिरत असेल तर चक्र ४८० मिलिसेकंदांचं, म्हणजे चौकटीला २०० ठेवल्यावर चारेक चक्रं बसतात.

ट्रिगर म्हणजे रेघ कुठून पकडायची त्याची खूण. ५ व्होल्टच्या चौकोनी सिग्नलला तो २.५ वर ठेवा, चढत्या कडेला, आणि पडद्याच्या डाव्या बाजूपासून दोन चौकटी आत. त्यामुळे घटनेच्या आधी काय चाललं होतं तेही दिसतं. अधूनमधून येणाऱ्या दोषात तर खरी बातमी आधीच्या त्या दोन चौकटींतच असते.

सुरुवात सेल्फपासून

कुठल्याही मिसिंगच्या तक्रारीत मी पहिली ही चाचणी करतो, कारण काही खोलावं लागत नाही. मोठा क्लॅम्प बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर. त्या टोकाला दोन-तीन तारा असतील तर सगळ्या क्लॅम्पच्या आत घ्या. इंजिन फिरलं पाहिजे पण चालू व्हायला नको, म्हणून इंजेक्टरचे कपलर काढा किंवा पंपाचा फ्यूज. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की ईसीएम स्वतःच पेट्रोल बंद ठेवतो.

आता कागदावर रेघ काढा. मोटर उभी असताना पहिला झटका कित्येकशे अँपिअरचा, मग रेघ खाली येऊन लाटा सुरू. प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनला आला की मोटरला जोर लागतो आणि करंट वर चढतो. चार सिलिंडर, म्हणजे एका चक्रात चार सारख्या लाटा, २५० आरपीएमला १२० मिलिसेकंदांच्या अंतराने.

एक लाट बुटकी आली तर त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी. कोणता सिलिंडर? दुसरं चॅनेल पहिल्या सिलिंडरच्या कॉइलच्या ट्रिगर तारेवर (जिच्यावरून ईसीएम स्पार्कचा हुकूम देतो) लावा. तिथे खूण दिसेल त्याला लागून असलेलं शिखर पहिल्याचं, आणि पुढे फायरिंग ऑर्डर (सिलिंडरना स्पार्क मिळण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर त्याच क्रमाने मोजत जा. काही गाड्या सेल्फवर प्रत्येक फेऱ्याला स्पार्क देतात, तिथे एका चक्रात दोन खुणा येतील. मग कॅम सेन्सरच्या सिग्नलचा आधार घ्यावा लागतो.

दोन इशारे. चारही लाटा सारख्या आल्या म्हणजे कॉम्प्रेशन उत्तम असं नाही, चारही सारखेच कमी असू शकतात. टायमिंग बेल्टने दात उडवला की असंच होतं. दुसरं, बुटकी लाट व्हॉल्व्ह गळतो म्हणूनच येते असंही नाही. इनटेक व्हॉल्व्ह उघडतच नसेल तर दाबायला हवाच नाही. ते ठरवायला पुढे कॉम्प्रेशन गेज किंवा लीकेज टेस्ट आहेच, फक्त आता ती चार ठिकाणी करायची गरज उरली नाही.

त्याच वेळी दुसऱ्या चॅनेलवर बॅटरीचं व्होल्टेजही घेऊन ठेवा. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास, आणि इंजिन फिरत असताना ९.६ च्या खाली जायला नको. दोन्ही रेघा एकत्र वाचल्या की बरंच कळतं. करंट खूप, व्होल्टेज खाली आणि इंजिन जड फिरतंय: मोटर अडकते आहे किंवा इंजिनच जड आहे. करंट कमी, बॅटरीचं व्होल्टेज टणक, तरी इंजिन रडत फिरतंय: वाटेत कुठेतरी विरोध आहे. तो ग्राउंडच्या (बॅटरी निगेटिव्हकडे परतणाऱ्या वाटेच्या) बाजूला आहे का, हे बघायला लाल प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर, काळा बॅटरी निगेटिव्हवर, आणि पुन्हा सेल्फ. दोन्ही टोकं निगेटिव्हच, म्हणजे रेघ शून्याजवळ हवी. अर्ध्या व्होल्टच्या वर गेली तर अर्थिंगची पट्टी काढून घासा.

इंजिन चालू झालं की त्याच जोडणीत अल्टरनेटर उरकून घ्या. हेडलाइट आणि ब्लोअर लावा. साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट मिळायला हवेत (काही नवीन गाड्यांत ईसीएम ते मुद्दाम कमी-जास्त करतो). मग चॅनेल एसी कपलिंगवर टाका, म्हणजे स्थिर व्होल्टेज वगळून फक्त चढउतार दिसतील. बारीक, सारख्या लाटांची झालर दिसली तर ठीक. ठराविक अंतराने खोल खड्डा पडत असेल आणि वर-खालचा फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर डायोड गेलाय.

क्रँक आणि कॅम

क्रँक सेन्सर दोन जातींचे. दोन तारांचा इंडक्टिव्ह, याची रेघ नागमोडी असते आणि वेग वाढला की उंचीही वाढते. तीन तारांचा हॉल, चौकोनी रेघ, उंची कायम, वेग वाढला की चौकोन फक्त जवळ येतात. बऱ्याच गाड्यांत ६०-२ चं चाक असतं: ६० दातांची जागा, त्यातले २ गाळलेले, म्हणजे ५८ दात आणि एक खिंड. ८०० आरपीएमला दर १.२५ मिलिसेकंदांना एक दात, आणि खिंडीच्या जागी ३.७५ चं अंतर.

इंडक्टिव्ह सेन्सरच्या लाटांची उंची दर फेऱ्याला हळूहळू कमी-जास्त होत असेल तर चाक वाकडं आहे किंवा नीट बसलेलं नाही. एखादाच दात दर फेऱ्याला बुटका असेल तर तो तुटलाय किंवा त्यावर लोखंडाचा किस चिकटलाय. सेन्सर बदलून हे दोष जाणार नाहीत.

कॅम आणि क्रँक एकत्र पकडले की टायमिंग कव्हर न उघडता बेल्ट तपासता येतो. ६०-२ च्या चाकावर एक दात म्हणजे क्रँकचे ६ अंश. क्रँकच्या पुलीला २० दात असतील तर बेल्टचा एक दात उडणं म्हणजे १८ अंश, म्हणजे कॅमची कड आपल्या जागेवरून तीन दात सरकलेली दिसेल. खिंडीपासून कॅमच्या कडेपर्यंत दात मोजा आणि त्याच इंजिनच्या चांगल्या रेघेशी ताडून बघा. चालत्या इंजिनात कॅमची वेळ पुढे-मागे करणारी व्हीव्हीटी असेल तर आयडलिंगवरच मोजा, रेस देऊन नाही.

इंजेक्टर आणि कॉइल

पोर्ट इंजेक्टरची रेघ मला सगळ्यात बोलकी वाटते. एका तारेवर कायम बॅटरीचं व्होल्टेज, दुसरी ईसीएम ग्राउंडला ओढतो. या दुसऱ्या तारेवर प्रोब. रेघ १४ व्होल्टवर शांत, मग एकदम शून्याजवळ, आयडलिंगला २ ते ४ मिलिसेकंद तिथेच, आणि सोडताच ६०-८० व्होल्टची उसळी. उसळी उतरताना एक छोटा उंचवटा येतो: सुई परत जागेवर बसल्याची ती खूण. चारातल्या तिघांना उंचवटा आहे आणि एकाला नाही, तर त्याची सुई अडकते आहे. चारांनाही नसेल तर त्या बनावटीत तो दिसतच नसावा. म्हणून इंजेक्टर नेहमी भावंडांशी तुलना करून वाचावा.

ग्राउंडला ओढलेल्या अवस्थेत रेघ शून्याऐवजी १ व्होल्टवर लटकत असेल तर ग्राउंडच्या वाटेत विरोध आहे. करंट क्लॅम्प लावला तर सावकाश चढणारा उतार दिसेल. १४ ओहमचा इंजेक्टर १४ व्होल्टवर जास्तीत जास्त १ अँपिअर घेणार. कॉमन रेल डिझेलमध्ये मात्र व्होल्टेज बरंच जास्त असतं. तिथे क्लॅम्पवरच काम भागवा, आणि पिझो इंजेक्टरचा कपलर इंजिन चालू असताना काढू नका.

प्लगवर बसणाऱ्या बहुतेक कॉइलमध्ये ट्रान्झिस्टर आतच असतो, त्यामुळे प्रायमरीला हात पोचत नाही. पुरवठ्याच्या तारेवर लहान क्लॅम्प लावा. २ ते ४ मिलिसेकंदांत शून्यापासून ६ ते १० अँपिअरपर्यंत तिरका चढ, मग एकदम तुटलेली कड. चढाच्या सुरुवातीलाच रेघ सरळ उभी उडी घेत असेल तर आतले वेढे शॉर्ट आहेत. प्रायमरी मोकळी मिळाली तर उसळीनंतरचा स्पार्क जळण्याचा पट्टा मोजा. १ ते २ मिलिसेकंदांचा पट्टा चांगला. उसळी उंच आणि पट्टा आखूड, तर प्लगचा गॅप वाढलाय किंवा वायरमध्ये विरोध. उसळी बुटकी आणि पट्टा लांब, तर प्लग काजळलाय किंवा कॉम्प्रेशन कमी आहे. इथे मघाची सेल्फची रेघ काढून बघावी.

पंपाचं काम फ्यूजजवळच होतं. फ्यूजच्या जागी तारेचा फास बसवून त्यावर क्लॅम्प. ब्रशवाल्या पंपाच्या करंटवर कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याच्या) प्रत्येक पट्टीचा एक उंचवटा येतो. ८ पट्ट्यांच्या पंपाचे ८ उंचवटे १० मिलिसेकंदांत झाले तर पंप ६००० आरपीएमने फिरतोय. दर आठवा उंचवटा खोल पडतो? एक पट्टी मरायला टेकली आहे. गाडी अजून बंद पडलेली नसली तरी पडणार आहे.

थ्रॉटल सेन्सरला फार वेळ लागत नाही: चौकटीला ५०० मिलिसेकंद ठेवून पेडल सावकाश दाबा आणि सोडा. साधारण ०.५ पासून ४.५ व्होल्टपर्यंत गुळगुळीत टेकडी हवी, मध्ये खाली टोचलेली सुई दिसली तर ट्रॅक झिजलाय.

कॅनच्या तारा

कॅन म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन तारांवर आपसात बोलतात ती जोडणी. ओबीडी सॉकेटची (जिथे स्कॅनर लावतात) पिन ६ म्हणजे कॅन-हाय, १४ म्हणजे कॅन-लो, आणि ४ व ५ ग्राउंड. दोन्ही रेघा शांत असताना २.५ व्होल्टवर. बोलताना हाय ३.५ वर जाते, लो १.५ वर येते, एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब. ५०० किलोबिटच्या वेगाला एक बिट २ मायक्रोसेकंदांचा, म्हणून चौकटीला ५० मायक्रोसेकंद ठेवले की एक पूर्ण संदेश पडद्यावर मावतो. एक रेघ शून्यावर सपाट पडली तर ती ग्राउंडला शॉर्ट. कडा गोलावलेल्या किंवा उसळणाऱ्या दिसल्या तर टर्मिनेशन (दोन्ही टोकांचे रेझिस्टर) तपासा: बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये ६० ओहम हवेत. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर गायब आहे. संदेशाच्या शेवटी एक बिट बाकीच्यांपेक्षा उंच दिसतो, त्याला घाबरू नका. बरीच मॉड्यूल एकाच वेळी पोच देतात म्हणून तो उंचावतो.

गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी

माझ्याकडे एक गाडी आली होती. वीस-पंचवीस मिनिटं चालली की बंद, मग तेवढाच वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू. गरम झाल्यावरच, म्हणून आधी दोन ठिकाणी क्रँक सेन्सर बदलून झाला होता. हॉल सेन्सर, तीन तारा. कागदावर मी रेघ काढली: वर ५ व्होल्ट, खाली ०.१ ते ०.२. सुरुवातीला रेघ अगदी तशीच आली, म्हणून रेकॉर्डिंग चालू ठेवून बसलो.

इंजिन तापलं, रेडिएटरचा पंखा लागला, आणि रेघेचा तळ उचलला. छत ५ वरच, तळ मात्र ०.१ वरून २.३ वर. दोन सेकंदांत इंजिन बंद. दुसरी प्रोब सेन्सरच्या ग्राउंड तारेवर लावली आणि पंखा जोडून बघितला, तर तिथेही तेच २.३. छत ईसीएम आतून धरून ठेवतो, तळ सेन्सरचं ग्राउंड ठरवतं. म्हणजे दोष फक्त ग्राउंडच्या वाटेत. तार माग काढत गेलो तर कधीतरी झालेल्या दुरुस्तीत ती पंख्याच्या ग्राउंडसोबत बॉडीवरच्या एकाच बोल्टखाली दाबलेली, आणि तो बोल्ट गंजलेला. पंख्याचा सगळा करंट त्या गंजातून जाताना सेन्सरचा तळही सोबत उचलला जात होता. उष्णतेचा सेन्सरशी काही संबंध नव्हता, संबंध पंख्याशी होता.

सेन्सरची तार डायग्रामप्रमाणे ईसीएमच्या ग्राउंडला परत नेली, पंख्याचा बोल्ट घासून आवळला. मग त्याच सेटिंगवर, त्याच दोन ठिकाणी प्रोब लावून पंखा तीनदा चालू-बंद केला. तळ ०.१ वर. दोन्ही रेकॉर्डिंग इंजिनचा कोड, तापमान, आरपीएम आणि 'पंखा चालू' एवढं नावात लिहून एका फोल्डरमध्ये ठेवली.